घरटी एक माणूस

नांदखार,
१७ जुलै २०२५

चि. विनेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. फोन करून थकले. तू उचलत नाहीस. तुझ्या शाळेतल्या बाईंचा फोन आहे हे दिसत असूनही उचलत नाहीस, म्हणजे कमाल झाली. प्राप्तीकडून सुरतेचा पत्ता घेतला. तिने तो बिचकत दिला, तेव्हा बायकोवर रागावू नकोस.

तुझ्या आणि भागोजीभाऊंच्या भांडणात मी पडणार नाही. खाडीकाठचं, खाजणातलं शेत कोळंबीच्या तलावाला द्यायचं की त्यात भात लावायचं, हा तुमचा बापलेकांचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या ओट्यावर उभा राहून तू ओरडलास, "बांधाला उभी राहायला चार मानसं जमवून दावा, मग भाताचं बोला," आणि चालता झालास. ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं, पोरगा बोलतोय त्यात खोटं काही नाही. घरोघरी कुलपं, नाहीतर म्हातारी माणसं. पण मी लिहितेय ते केसरबद्दल.

केसर चौथीत आली. तू फोन केलास की ती मागच्या दाराने पळते, हे प्राप्तीने मला सांगितलंय. न सांगता गेलेल्या बापाशी बोलायचं नाही असं तिने ठरवलंय, आणि ती भागोजीची नात आहे, तेव्हा ठरवलं म्हणजे ठरवलं. पण विनेश, पोरगी लिहिते! आमच्याकडे मितेश सर म्हणून नवे शिक्षक आले आहेत, मूळ बोर्लीचे. त्यांनी जूनमध्ये वर्गाचा ब्लॉग सुरू केला. मी आधी नाक मुरडलं. दोन शिक्षकी शाळा, रेंज मिळायला पाण्याच्या टाकीवर चढायचं, आणि म्हणे ब्लॉग. मुलांनीच त्याचं नाव ठेवलं 'आमचा ओटा'. मुलं घरचं, शेतातलं, खाडीवरचं जे दिसेल ते लिहितात, सर टाकीपाशी उभे राहून ते चढवतात, आणि बाहेरगावी असलेले आईबाप खाली उत्तरं लिहितात.

पहिल्या आठवड्यात काय झालं सांगते. ठमाबाईच्या नातवाने, ओंकारने, लिहिलं की आमची म्हैस आटली. दुपारपर्यंत तळोज्याहून त्याच्या बापाचं उत्तर: म्हशीला काय घालता, कुठे चरते, सगळी चौकशी. ओंकारने ते वाचून दाखवलं तेव्हा ठमाबाई दाराशी उभी होती. ती आत आली आणि फळ्याकडे तोंड करून, जसा काही मुलगा फळ्यातच बसलाय, ओरडली, "म्हशीचा इचारतोस, आईचा कवा इचारशील?" पोरांनी ते जसंच्या तसं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी मुलगा दारात हजर. तेव्हापासून ठमाबाई रोज शाळेत येते. तिच्या हजेरीचा रकाना काढावा म्हणते मी.

इतकी वर्षं शिकवते आहे. पालकसभेला चार बायका यायच्या आणि पदर सावरत गप्प बसायच्या. आता चौथीचं पोर दोन ओळी लिहितं आणि कुठे कुठे पांगलेलं गाव कान देतं. मला अजून विश्वास बसत नाही.

ब्लॉगचा पत्ता खाली लिहिला आहे. वाचत जा.

तुझ्या बाई,
सरोजिनी

नांदखार,
२२ ऑगस्ट २०२५

चि. विनेश,

उत्तर नाही. ठीक आहे, मी चिवट आहे हे तुला पाढे पाठ करतानाच कळलं होतं.

तू ब्लॉग उघडत नसणारच, म्हणून केसरचं लिहिणं हाताने उतरवून पाठवते. मितेश सरांचा एक नियम आहे, मुलांच्या लिहिण्याला बाईंनी लाल पेन लावायचं नाही. मला सुरुवातीला हात बांधून ठेवल्यासारखं झालं. या नियमापायी श्रावणात मोठी भानगड झाली. एकाने लिहिलं, "काकाने शेतावर जाऊन कुर्ल्या भाजून खाल्ल्या आणि मला पण दिल्या, काकीला सांगू नको म्हणाला." काकी मुंबईत घरकाम करते आणि ब्लॉग रोज वाचते! श्रावणात खेकडे! पुढचं मी लिहीत नाही. काका दोन दिवस शाळेवरून जाताना छत्री आडवी धरायचा.

हे केसरचं:

"मी आजोबांबरोबर बांधावर जाते. खेकडे बांधाला बिळं करतात. भरतीला त्यातून खारं पाणी आत येतं. आजोबा बिळात चिखल कोंबतात आणि पायाने दाबतात. एक बीळ बुजवलं की दुसरं सापडतं. मी म्हटलं, आजोबा, खेकडे जास्त आहेत आणि आपण दोघंच. आजोबा म्हणाले, खेकडा पण येकटाच आसतो, पन तो रोज येतो."

वाचून मी चष्मा काढून पुसत बसले. खाली एवढी उत्तरं आली की सरांना टाकीवरून उतरायला सवड मिळेना. कुणी लिहिलं, आमच्या तुकड्यापाशी पण बघ गं केसर. कुणी विचारलं, उघाडीची फळी शाबूत आहे का, कारण भरतीचं पाणी ती फळीच अडवते. एकजण आखातातल्या जहाजावरून विचारत होता, पिंपळाखालचा बांध खचला की काय. तिथून, विनेश! समुद्राच्या मधोमध बसलेल्या माणसाला आपल्या एवढ्याशा बांधाची काळजी. आता केसर दर शनिवारी बांधाची खबर लिहिते. गावात जे घडतं ते गावाबाहेरच्यांना आधी कळतं, अशी उलटी गंगा सुरू आहे.

गणपतीला ये. घरी नको येऊस हवं तर, शाळेत ये.

सरोजिनीबाई

नांदखार,
११ सप्टेंबर २०२५

चि. विनेश,

गणपती आले आणि गेले. तू आला नाहीस. केसर तुझ्याबद्दल काही बोलली नाही, पण विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला ती पारावर बसलेली मी पाहिली आहे.

हे पत्र मात्र गमतीचं नाही. परवाच्या उधाणाला उघाडीजवळ बांधाचा माथा खचला आणि बाहेरच्या अंगाला मोठी भेग पडली. बांध फुटून खांड अजून पडलेली नाही, पण पाणी वरून यायला वीतभर जागा उरली आहे. भात निसवायला, लोंब्या धरायला आलं आहे. आत्ता समुद्र आत शिरला तर यंदाचं पीक जाईलच, आणि जमीन खारी होऊन पुढची काही वर्षं गवतसुद्धा धड उगवणार नाही. यंत्र आणायचा प्रयत्न झाला. ते चिखलात रुततं, पाऊस थांबल्यावर बघू, असं उत्तर मिळालं.

भागोजीभाऊंनी ठरवलं आहे की जुन्या रीतीने करायचं. घरटी एक माणूस. येत्या सर्वपित्री अमावास्येला, म्हणजे २१ तारखेला, रविवारी, पहाटेची ओहोटी लागली की सुरुवात. रविवार एवढ्याचसाठी, की नोकरीवाल्यांना येता यावं. पण माणसं नुकतीच गणपतीला येऊन गेली, रजा संपल्या. कोण येणार? गावात आज हिंडून पाहिलं तर बांधाला उभी राहतील अशी माणसं दोन हातांच्या बोटांवर मावतात. तुझ्या वडिलांचा उजवा पाय सुजला आहे, चिखलात उतरणं त्यांना जमणार नाही. तुमच्या घरचा माणूस कोण, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

शाळेच्या ओट्यावर तू म्हणालास ते खरं ठरू नये असं मला फार वाटतं. तुझ्यावर रागावून नव्हे. ते खरं ठरलं तर त्याचा आनंद तुलाही होणार नाही, एवढी मी तुला ओळखते.

रविवार, २१. विसरू नकोस.

सरोजिनीबाई

नांदखार,
२२ सप्टेंबर २०२५

चि. विनेश,

शांतपणे बसून वाच. मी अजून नीट भानावर आलेली नाही, तेव्हा मागेपुढे होईल.

शुक्रवारी सकाळी पहिल्या तासाला केसरने लिहिलं आणि सरांनी लगेच चढवलं:

"परवा सकाळी ओहोटीला आमचा बांध बांधायचा आहे. घरटी एक माणूस लागतो. आमच्या आजोबांचा पाय सुजला आहे. आमच्या घरचा दुसरा माणूस सुरतेला आहे. म्हणून आमच्या घरची मी येणार आहे."

मी वाचलं, आणि नियम होता म्हणून काही बदललं नाही. शुक्रवारी लिहिलेलं परवा म्हणजे रविवार, हे शेंबडं पोरही सांगेल.

शनिवारी पहाटे, अजून धड उजाडलंही नव्हतं, ठमाबाईने माझं दार बडवलं. "बाई, उठा! मुंबय आलीया!" मला वाटलं, म्हातारी बरळतेय. बाहेर येऊन पाहते तर रस्त्यावर टेम्पो उभे, माणसं उतरताहेत, कुणी कंपनीच्या गणवेशातच, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या खांद्यावर घरून आणलेलं फावडं. तळोज्याची, उरणची, मुंबईची, बायासुद्धा. ती कुर्ल्यांवाली काकी कमरेला पदर खोचून सगळ्यांच्या पुढे! मी पायरीवर खाली बसले. एवढी माणसं या गावात असतात हे मी विसरून गेले होते.

भागोजीभाऊ काठी टेकत आले ते तापलेलेच. "आरं, उद्या! उद्या हाय काम! कुनी सांगितला आज?"

"तुमच्याच नातीनं लिवलाय," ओंकारचा बाप म्हणाला. "परवा म्हनून. गुरवारच्या रातीचा लिवलेला हाय, ह्ये बघा."

त्याने मोबाइल पुढे केला. केसरच्या लिहिण्याखाली खरंच गुरुवार रात्रीची वेळ होती. मितेश सरांचा चेहरा पांढराफटक. ब्लॉगचं घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर चालू होतं आणि जूनपासून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! आपल्या शुक्रवारच्या सकाळी तिकडे गुरुवारची रात्र. ज्याने ज्याने ब्लॉगवर वाचलं, त्याचा परवा शनिवारी उजाडला. लोक चिडले, चिडणारच. कुणी पाळी बदलून आलेला, कुणी साहेबाच्या हातापाया पडून. सर एकेकाची माफी मागत फिरत होते आणि मी त्यांच्या मागून नुसती मान हलवत होते.

 भागोजीभाऊ मात्र खाडीकडे बघत होते. वारा दक्षिणेचा सुटला होता आणि पाऊस भरून आला होता. म्हणाले, "आलाव त चला. उद्याचा कोनी बघितलाय."

मग त्यांनी बांधावर उभं राहून घरं पुकारली. ही रीत मी फक्त ऐकली होती, कधी पाहिली नव्हती. हातात कागद नाही. खाडीच्या टोकापासून ज्या क्रमाने शेतं लागतात त्या क्रमाने, वाडवडलांच्या नावाने. "बाबाजीचा घर?" "हाय!" "केरूचा घर?" "हाय!" कुठून कुठून आवाज येत होते. ज्या घरांना वर्षानुवर्षं कुलपं पाहिली त्या घरांचे आवाज. 

मग तुमच्या घराची पाळी आली आणि भागोजीभाऊ थांबले. स्वतःच्या बापाचं नाव त्यांनी हळूच पुकारलं. "राघोचा घर?"

"हाय!" केसर ओरडली. परकर खोचून, आजोबांचं जुनं घमेलं डोक्यावर घेऊन उभी होती.

आणि त्याच वेळी मागून, गर्दीच्या अगदी टोकाकडून, आणखी एक आवाज आला. "हाय."

तो आवाज तुझा होता. तू टोपी कपाळावर ओढली होतीस, तोंडाला रुमाल होता. पण ज्या पोराला मी पहिलीत अक्षरं गिरवायला लावली, त्याचा आवाज मला कळणार नाही?

 भागोजीभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "येका घरचा येकच. पोरी, घमेला ठेव आनि घरी जा."

तुला त्यांची पाठ दिसली, विनेश. मी समोर होते. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. हनुवटी त्यांनी काठीच्या मुठीवर टेकवली. पुढचं घर पुकारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. शेवटी ठमाबाईने पुकारलं, आणि त्यांच्याकडे न बघता पुकारलं, हे तिचं मोठेपण.

केसरने घमेलं खाली ठेवलं. ती घरी गेली ती धावत.

पुढचं तू पाहिलंसच. पण तू खाली चिखलात होतास, तुला सबंध दिसलं नसेल. मी वरून पाहत होते. खाडीच्या चिखलापासून बांधाच्या माथ्यापर्यंत माणसांची रांग, चिकणमातीची ढेकळं हातोहात वर येताहेत, पाऊस कोसळतोय, आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. तळोज्यात यंत्रावर बसणारा, मुंबईत लिफ्ट चालवणारा, भांडी घासणारी, सगळ्यांचे हात एका चालीत. हे यांना कुणी शिकवलं? मी तर शिकवलं नाही. मी यांना नद्यांची नावं शिकवली. भरती चढत आली तशी रांग मागे सरकत गेली, तरी ढेकूळ थांबलं नाही. दुपारी पाणी आलं, आणि जुना माथा होता त्याच्या वर हातभर आलं. नव्या मातीला धडका देत राहिलं. आम्ही सगळे आतल्या बाजूला, निसवलेल्या भाताच्या कडेला उभे होतो. मी हात जोडले होते, कुणाला ते मलाही माहीत नाही.

पाणी परतलं तेव्हा भातात खारं पाणी शिरलं नव्हतं. रविवारची वाट पाहिली असती तर बांधायला बांध उरला नसता. एका चुकलेल्या घड्याळाने आपलं खाजण राखलं, असं आता गावभर सांगतात, आणि मितेश सरांना जो तो शहाळं देतोय. मला विचारशील तर घड्याळाने फक्त दिवस चुकवला, आली ती माणसं.

आणि तू? पाणी उतरलं आणि तू नव्हतास. कोणत्या गाडीने आलास, कोणत्या गाडीने गेलास, कुणालाच ठाऊक नाही. प्राप्तीने पान वाढून ठेवलं होतं. केसर दारात बसली होती. तुझं काय चुकलं ते मी सांगणार नाही. तू भ्यायला असशील. दोन वर्षं दूर राहिल्यावर उंबरठा चढणं बांध चढण्यापेक्षा अवघड जात असेल.

पण एक गोष्ट मला रात्री दिवा मालवताना लक्षात आली आणि मी पुन्हा उठून बसले. माझ्या पत्रात मी तीनदा रविवार लिहिला होता. रविवार, २१. तू शनिवारी आलास. शनिवारी तेच आले ज्यांनी ब्लॉग वाचला. म्हणजे माझी पत्रं तू फोडलीस की नाही देव जाणे, पण लेकीचं लिहिणं तू वाचत होतास. बहुधा पहिल्यापासून. ती लिहीत होती, तू वाचत होतास, आणि तुम्ही दोघंही एकमेकांना पत्ता लागू देत नव्हतात. मी मूर्ख बाई तिचं लिहिणं हाताने उतरवून टपालाने पाठवत होते! मी अंधारात एकटीच हसले, आणि मग रडले.

हे मी केसरला सांगितलेलं नाही. ते तू सांग.

सरोजिनीबाई

नांदखार,
३ ऑक्टोबर २०२५

चि. विनेश,

हे शेवटचं पत्र. यापुढे माझी गरज नाही.

काल गांधीजयंतीची प्रभातफेरी झाली आणि मुलं घरी गेली. मी वर्गाला कुलूप घालत होते तर भागोजीभाऊ आले, केसरला बोटाला धरून. पायाची सूज आता उतरली आहे. ते पोरांच्या बाकावर अवघडून बसले आणि म्हणाले, "बाई, त्या ओट्यावर माला बी लिवायचा हाय."

मी सरांना बोलावलं. केसर टाइप करायला बसली. बांधाच्या दिवसावरचं तिचं लिहिणं तू वाचलंच असशील. ते शेवटी एवढंच म्हणतं, "आमच्या घरचा माणूस आला होता. तो जेवला नाही." त्याखाली गावभरच्यांची उत्तरं आहेत. सगळ्यांत खाली भागोजीभाऊंना लिहायचं होतं.

सरांनी सांगितलं की आधी नाव लिहावं लागतं. केसरने विचारलं, "आजोबा, काय लिहू? भागोजी राघो?"

 दोन वर्षांत या माणसाने तुझं नाव उच्चारलेलं नाही, आणि तुझ्याशी असलेलं नातंही नाही. मग म्हणाले, "लिव, इनेशचा बापूस."

केसरने मान खाली घालून लिहिलं. पुढचं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि तिने ते त्यांच्याच बोलीत उतरवलं. ब्लॉगवर आहेच, पण मला इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही:

"भात पिकत आलाय. आज दसरा, दिवाळीच्या आधी कापनी काढतो. बांधाला घरटी येक मानूस लागतो. कापनीला तसा नेम न्हाय."

तुझ्या बाई,
सरोजिनी